बेस कॅम्प झाला, आता परतीचं बघा

तुम्ही पाठवलेला एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकचा बेत छान आखलाय, पण शेवटचे दिवस फारच घट्ट बसवलेत. आज लुक्लाहून (ट्रेक सुरू होतो आणि संपतो ते विमानतळाचं गाव) काठमांडूचं विमान आणि उद्या तिथून मुंबईचं? पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण हीच चूक करतात. मीही केली होती, तिकिटाचे पैसे बुडाले.

लुक्ला साधारण २,८५० मीटरवर आहे. ढग उतरले की उड्डाणं बंद, दुपारी तर भरवसाच नाही. म्हणून सकाळचं पहिलं विमान मागा आणि पुढे २ दिवस मोकळे ठेवा. गर्दीच्या हंगामात बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछाप या दुसऱ्या विमानतळावर उतरतात. तिथून काठमांडू गाडीने ४-५ तास, तेही धरा.

बाकी दोनच गोष्टी:
- गोरक्षेप (बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम) ते लुक्ला ३ दिवस घ्या. उतार म्हणजे सोपं असं वाटतं, पण गुडघे तिथेच बोलायला लागतात. काठ्या न्याच. आणि लुक्लाच्या तोंडाशी पुन्हा चढ आहे, तो फार जिवावर येतो!
- परतीच्या वाटेवरच्या नामचे गावात रोख मोजा. लुक्लात अडकलात तर राहणं-जेवण आणि पोर्टरची बक्षिसी त्यातूनच.

गोक्यो तलावांकडची वाट, हेलिकॉप्टरने परतणं हे सगळं नंतर बोलू. आधी मुंबईचं तिकीट पुढे ढकला.