उंबराला फूल येत नाही, मग फळ कसे धरते आणि त्यात किडे का असतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : फुलाशिवाय उंबराला फळ कसे धरते, आणि पिकलेला उंबर फोडल्यावर आतून किडे का निघतात. दोन्हींचे उत्तर एकच असल्यामुळे ते एकत्रच देतो.

उंबराला फूल येते. किंबहुना ज्याला आपण फळ म्हणतो, ती मुळात फुलांनी भरलेली कुपीच असते. सूर्यफुलाच्या तबकडीवर शेकडो लहान फुले दाटीने बसलेली आपण पाहिली असतील. ती तबकडी कडांनी वर उचलून तिचे तोंड पिशवीसारखे आवळले, तर सगळी फुले आत जातील आणि बाहेरून केवळ हिरवी साल दिसेल. उंबराची रचना नेमकी अशी असून वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिला कुंभासनी पुष्पबंध म्हणतात. देठाच्या विरुद्ध टोकाला जी लहानशी खळी दिसते ते या कुंभाचे तोंड, आणि तेही खवल्यांनी जवळजवळ बंद असते. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो खरे, पण बुंध्यावर लगडलेल्या एकेका उंबरात ही फुले हजारोंनी असतात.

आमच्या शेतातल्या विहिरीच्या काठावर एक जुना उंबर आहे. एका उन्हाळ्यात मी त्याचा एक बहर सुरुवातीपासून पिकेपर्यंत, दर तीन-चार दिवसांनी एक उंबर ब्लेडने उभा चिरून आणि भिंगाखाली धरून पाहिला होता. कोवळ्या उंबरात आधी स्त्रीफुले तयार होतात. पुंफुले मात्र त्याच उंबरात, खळीच्या जवळ, काही आठवडे उशिरा उमलतात. म्हणजे एका उंबरातले पराग त्याच उंबरातल्या स्त्रीफुलांना उपयोगी पडत नाहीत, ते दुसरीकडूनच यावे लागतात. बंद कुंभात वाऱ्याला किंवा मधमाशीला शिरकाव नाही, त्यामुळे ते आणायचे कोणी, हा झाडापुढचा प्रश्न एका कीटकाने सोडवला आहे.

हा कीटक म्हणजे सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. लोक त्याला चिलट समजतात, पण तो गांधीलमाशीचा दूरचा नातलग आहे. सोयीसाठी त्याला उंबरमाशी म्हणू. स्त्रीफुले तयार झालेल्या उंबराच्या वासावर परागांनी लादलेली मादी येते आणि खळीतल्या खवल्यांमधून अंग रेटत आत शिरते. ही वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख आणि बहुधा मिशाही तुटतात, आणि बाहेर पडण्याची शक्यता तिथेच संपते. आत गेल्यावर ती स्त्रीफुलाच्या वर्तिकेतून, म्हणजे अंडाशयावरच्या बारीक दांड्यातून, अंडनलिका घालून अंडाशयात अंडी घालते आणि छातीवरच्या खिशांतले पराग पायांनी काढून फुलांवर पसरते. ज्या फुलांच्या वर्तिका आखूड असतात त्यांत अंडी पडून त्यांच्या गाठी होतात. लांब वर्तिकांच्या फुलांत अंडनलिका सहसा तळापर्यंत पोहोचत नाही, आणि तिथे बी धरते. एकाच कुंभात झाडाची पिल्ले आणि माशीची पिल्ले शेजारी शेजारी वाढतात.

काही आठवड्यांनी प्रथम बिनपंखांचे नर गाठींतून निघतात, माद्या अजून गाठींत असतानाच त्यांच्याशी समागम करतात आणि उंबराच्या भिंतीला भोक पाडून वाट मोकळी करतात. याच सुमारास पुंफुले उमललेली असतात. माद्या त्यांचे पराग खिशांत भरून घेतात आणि त्या भोकातून उडून जातात. त्यांचे प्रौढ आयुष्य एक-दोन दिवसांचेच असते, आणि तेवढ्या वेळात त्यांना स्त्रीफुलांच्या अवस्थेतले दुसरे झाड गाठायचे असते. म्हणूनच परिसरातली सगळी उंबराची झाडे एकाच वेळी फळत नाहीत, आणि इतर रानफळे संपलेल्या दिवसांतही कुठेतरी एखादा उंबर तांबट, हरियाल आणि वटवाघळांना खायला घालत असतो. या माश्या किती दूर जातात ते नामिबियातील उगाब नदीकाठच्या अभ्यासातून कळले. तिथल्या झाडांचे, म्हणजे आपल्या उंबराच्या जवळच्या नातलगांचे, पराग माश्यांनी १६० किलोमीटरपर्यंत नेल्याचे आढळले.

आता उत्क्रांतीविषयी. वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांच्या फायकस या प्रजातीत ७५० हून अधिक जाती आहेत आणि बहुतेक जातींच्या माश्या वेगवेगळ्या आहेत. ही जोडी सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर असतानाच, जमली असावी असा जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष आहे. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेल्या ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म माशीला आजच्यासारखेच परागांचे खिसे आहेत, हे मला फार विलक्षण वाटते. मात्र याला नुसती मैत्री समजू नये. माशीने परागण न करता केवळ अंडी घातली, तर अशी बिनपरागणाची फळे अनेक जातींची झाडे अकाली गाळून टाकतात आणि तिची पिल्ले वाया जातात. शिवाय बाहेरून साल भेदून आत अंडी घालणारे, परागणात काहीही वाटा नसलेले कीटकही उंबरावर येतात. त्यांपैकी एका जातीच्या केसासारख्या अंडनलिकेच्या टोकावर जस्त असल्याचे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना आढळले आहे.

नदी-ओढ्यांच्या काठी वाढणाऱ्या काळ्या उंबराने तर आणखी निराळी व्यवस्था केली आहे. त्याची काही झाडे फक्त माश्या आणि पराग तयार करतात, तर काही फक्त बी. बी देणाऱ्या झाडावर सगळ्याच वर्तिका लांब असल्याने तिथे शिरलेली मादी परागण करते, पण एकही अंडे न घालता मरते.

आपण खातो त्या अंजिराबद्दलही शंका विचारली जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. पुरंदरचे अंजीर परागणाशिवाय पिकणाऱ्या प्रकारातले आहे, त्यामुळे त्याला माशी लागत नाही. स्मर्ना जातीला मात्र ती लागतेच. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात लावलेली स्मर्नाची झाडे वाढली, पण फळे पिकण्याआधीच गळत राहिली. १८९९ मध्ये माशी आणून वसवल्यावरच त्यांना पीक आले.

हे सारे आपल्याला स्वतः पाहता येईल. उंबर अजून हिरवा आणि टणक असतानाच एक तोडून उभा चिरावा. मधल्या पोकळीभोवती आतल्या बाजूस तोंडे केलेली, मोहरीहून बारीक फुले साध्या भिंगाने दिसतात. खळीतले खवले सुईने हळूच उलगडले, तर आत शिरताना तुटून अडकलेले, काचेसारखे पारदर्शक पंखही अनेकदा सापडतात.