देवचाफ्याला पानं भरपूर येतात, पण फूल एकही नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की फांदी लावून दोन वर्षं झाली, झाड भिंतीच्या सावलीत आहे, रोज पाणी आणि दर आठवड्याला खत मिळतं. तरी फूल नाही, पानांखाली नारिंगी पूड आहे आणि नव्याने लावलेली फांदी बुडाशी कुजली. माझ्या मते झाडाचे लाड फार होतायत. देवचाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. जाड फांद्यांत पाणी साठवून कोरडे महिने काढणाऱ्या झाडाला ओल आणि सावली दोन्ही सोसत नाहीत.

आधी जागा बदला. दिवसातून किमान ६ तास थेट ऊन हवं, त्याहून जास्त मिळालं तर उत्तमच. कुंडीत असेल तर कुंडी सरकवा. जमिनीत असेल तर पानं गळून झाड सुप्तावस्थेत गेलं की मुळांच्या गोळ्यासकट हलवा आणि भिंतीपासून २ ते ३ मीटर तरी लांब लावा. हे झाड पुढे ५ मीटरच्या वर सहज जातं आणि आडवंही पसरतं.

साप्ताहिक खत आजच बंद करा. हातभर लांब, मऊ, गर्द हिरवी पानं आणि लांबच लांब किडकिडीत फांद्या म्हणजे नत्र (नायट्रोजन) जास्त झालं. वाढीच्या हंगामात दोन-तीन मुठी कुजलेलं शेणखत दोनदा दिलं तरी जमिनीतल्या झाडाला पुरे. पिशवीतलं खत आणायचं तर त्यावरच्या तीन आकड्यांतला पहिला, म्हणजे नत्राचा, बाकीच्यांपेक्षा मोठा नसावा. फुलांसाठी म्हणून भरमसाट स्फुरद (फॉस्फरस) देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ऊनच नसेल तर त्याने काही होत नाही.

तुरा फांदीच्या टोकावर येतो आणि तो संपला की त्याच्या खालून साधारण दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. त्यामुळे दरवर्षी आकारासाठी शेंडे खुडणारा माणूस स्वतःच फुलं खुडत असतो. छाटायचंच तर नवी पालवी फुटण्याआधी छाटा, आणि एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त फांद्यांना हात लावू नका. छाटलेल्या फांद्यांना त्या हंगामात बहुधा फूल येत नाही. चीक त्वचेला झोंबतो, डोळ्यांत गेला तर फारच त्रास होतो, म्हणून हातमोजे घाला.

पाणी बोटभर खोल माती कोरडी झाल्यावरच. थंडीत टोकदार पानांच्या जातींची पानं गळतात, ते अगदी नैसर्गिक आहे. तेव्हा लोक घाबरून पाणी वाढवतात आणि मुळं कुजवतात. पानं नाहीत तोवर पाणी जवळजवळ बंद ठेवा. बोथट पानांच्या जाती मात्र बऱ्याचदा हिरव्याच राहतात, त्यांना थोडं थोडं चालू द्या.

नारिंगी पूड म्हणजे तांबेरा, बुरशीचा रोग. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके दिसतात, खालची पूड बोटाला लागते. जास्त लागलेली पानं काढा, खाली पडलेलीही वेचून जाळा किंवा कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या. तरी पसरला तर पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर घेऊन पानांच्या खालून फवारा, पण कडक उन्हात नाही, पानं करपतात.

आता फांदी. कोवळी हिरवी नको, करड्या सालीची ३० ते ४५ सें.मी. लांब घ्या. पानं आणि कळ्या काढून टाका आणि सावलीत, हवेशीर जागी १ ते २ आठवडे नुसती ठेवून द्या. काप पूर्ण सुकून कडक झाला पाहिजे. तुमची फांदी बहुधा ओल्या कापानिशी मातीत गेली. अर्धी माती आणि अर्धी जाड वाळू, तळाला मोठं भोक असलेली कुंडी, ८ ते १० सें.मी. खोल लावा आणि काठीला बांधा, कारण हलत राहिली तर नवी मुळं तुटतात. लावताना एकदा पाणी द्या, मग नीट पानं उघडेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवा.

या काळात सालीवर सुरकुत्या पडतात. दाबून पाहा: सुरकुतलेली पण टणक असेल तर ठीक आहे, बोट आत रुतलं, तपकिरी पाणी आलं तर कुजतेय. तेव्हा लगेच उपटून कापाचा गर पांढरा दिसेपर्यंत वरच्या दिशेने कापत जा आणि पुन्हा सुकवून लावा. पहिली दोन-तीन पानं फांदीतल्या साठ्यावरही फुटतात, म्हणून त्यांना भुलून पाणी वाढवू नका आणि मुळं आली का हे उपटून बघू नका. मुळं धरायला ६ ते ८ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त.