बोलेरो पिकअप विकून छोटा हत्ती घेतला तर धंद्याची पत जाते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मानेवाड्याला टाइल्सचं दुकान, सहा वर्षांची बोलेरो पिकअप, डिझेल आणि मेंटेनन्स अंगावर येतंय. ती काढून छोटा हत्ती (म्हणजे टाटा एस) घ्यावा का, घेतला तर डिझेल की सीएनजी, आणि ‘गाडी लहान केली तर मार्केटमध्ये पत जाईल का?’ पहिले दोन प्रश्न हिशोबाचे आहेत. उत्तर लिहायला बसलो ते तिसऱ्यामुळे, कारण ते वाक्य मी माझ्याच नात्यात वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

पत जात नाही. दुकानदार तुमचा माल वेळेवर आला का ते बघतो, होलसेलवाला तुमचे पैसे वेळेवर आले का ते बघतो. गाडीच्या बोनेटकडे फक्त नातेवाईक बघतात.

माझा किराण्याचा सप्लाय आहे. इतवारीत मस्कासाथ आणि किराणा ओळीतून, थोडा कळमन्यातून माल उचलायचा आणि महाल, सक्करदरा, नंदनवन, हुडकेश्वर, बेसा ह्या पट्ट्यातल्या दुकानांना पोचवायचा. पिकअप घेतली तेव्हा उमरेड-भिवापूरची लाइनही होती. त्या लाइनला ती गाडी एकदम बरोबर होती: १,७०० किलो पासिंग, ९ फुटांचा डाला, अडीच लिटरचं इंजिन. पुढे तिकडच्या दुकानदारांना कंपन्यांचा माल थेट मिळायला लागला आणि ती लाइन सुटली. धंदा सगळा शहरात आला.

आता इतवारीत त्या गाडीचं काय व्हायचं ते सांगतो. पोळा झाला की चौथ्या दिवशी गणपती, मागोमाग महालक्ष्म्या. त्या चार दिवसांत साखर, चणाडाळ, तेलाचे पिपे, खोबरं ह्यांची दुकानांत ओढ असते आणि ज्याचा माल आधी पोचतो त्याचंच गिऱ्हाईक बांधलं जातं. एका वर्षी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माल भरणं भाग पडलं. त्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते. काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे, मागे बडग्यांचे पुतळे, सारं जुनं नागपूर इतवारी-महालात उतरतं. आम्ही उजाडायच्या आत मस्कासाथेत गाडी लावली होती, म्हणजे दहाच्या आत बाहेर. पण सणाचा दिवस, हमाल उशिरा आले. कट्टे चढेपर्यंत गल्लीच्या एका तोंडाला हातगाड्या, दुसऱ्या तोंडाला फुगेवाले आणि पोट्टे.

पिकअपची लांबी पाच मीटरच्या वर आणि समोर ते बोनेट. सरळ निघता आलं असतं तर निघाली असती. वळवायला जागाच नव्हती. माझा ड्रायव्हर फार चांगला मुलगा आहे, आजही माझ्याकडेच आहे. त्यानं इंच-इंच मागेपुढे करून पाहिलं, एका जुन्या घराच्या ओट्याला फाळका घासला तेव्हा मीच थांब म्हटलं. आमच्या मागे एका तेलवाल्याचा छोटा हत्ती उभा होता, तोही भरलेला. ३.८ मीटरची गाडी. दोन कटमध्ये फिरली आणि बोळातून निघून गेली. आम्ही तिथेच. मिरवणूक पुढे सरकून रस्ता मोकळा होईपर्यंत दुपार टळून गेली. सक्करदऱ्याच्या दोन दुकानांचा माल मी शेवटी हातगाडीवर टाकून पाठवला, त्याची हमाली वेगळी. एका दुकानदारानं तोवर दुसरीकडून साखर घेतली होती. तो बोलला काहीच नाही, पुढच्या ऑर्डरला फोन केला नाही.

आणि डाल्यात होतं किती? बिलं जोडली तर सहाशे किलोच्या आसपास. सतराशेची गाडी अडवून ठेवली सहाशे किलोसाठी!

त्याच रात्री माझ्या थोरल्या बहिणीकडे जेवण होतं. भाऊजींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “अरे, मोठी गाडी हाय म्हनून अडकली. अडकते तर अडकू दे. मार्केटात गाडी दिसली पायजे.” भाऊजींचा काटोलकडे संत्र्याचा व्यापार आहे, बोलण्यात वजन आहे, आणि त्यांच्यासमोर घरात कोणी बोलत नाही. मी तेव्हा ऐकून घेतलं. घरी येऊन वर्षभराची बिलं काढली.

तुम्हीही हेच करा, बाकी कोणाचं ऐकू नका, माझंही नाही. प्रत्येक खेपेचं वजन बिलावरून लिहून काढा. अंदाजानं लिहू नका, कारण माणसाला सगळ्यात मोठी खेप तेवढी आठवते. माझ्याकडे निघालं ते असं: बहुतेक खेपा सातशे किलोच्या आत. टनाच्या वर जायचं ते दिवाळीच्या आधी, आणि चैत्र-वैशाखात लोक वर्षाचं धान्य भरतात तेव्हा. म्हणजे त्या थोड्या दिवसांसाठी मी बाकी सगळं वर्ष रिकामा डाला शहरभर फिरवत होतो. शहरात भरलेली पिकअप मला लिटरला दहा-अकरा द्यायची, छोटा हत्ती अठराच्या खाली येत नाही. टायर, क्लच, सर्व्हिस ह्यांचा फरक त्याच्यावर.

पिकअप विकली, छोटा हत्ती घेतला. मोठ्या दिवसांसाठी कळमन्यातल्या एका ओळखीच्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवतो, दसऱ्याच्या अगोदर तारखा देतो. भाऊजींचं म्हणणं होतं की भाड्याची गाडी ऐनवेळी दगा देते. ऐनवेळी फोन केला तर देणारच. महिनाभर आधी शब्द दिला आणि भाडं रोख चुकवलं तर देत नाही, हा माझा अनुभव आहे.

नंतर भाचीच्या साक्षगंधात (साखरपुड्यात), पाहुण्यांच्या पंगतीत, भाऊजी मोठ्यानं म्हणाले, “आमच्या साळ्यानं धंदा आवरला, गाडी लहान केली.” माझी आई तिथे बसली होती. तिला वाटलं खरंच काही तरी बुडालं, रात्रभर झोपली नाही. ते मला आजही लागतं. कारण ज्या वर्षी ते असं बोलले त्याच वर्षी माझी दुकानं वाढली होती. लहान गाडीमुळेच वाढली होती, कारण सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन फेऱ्या व्हायला लागल्या आणि पिकअप जिथे शिरतच नव्हती अशा महालातल्या आतल्या दुकानांना मी दारात माल द्यायला लागलो. आधी चौकात गाडी लावून तिथून डोक्यावर किंवा हातगाडीवर माल जायचा.

भाऊजींसारखं बोलणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. टाटांनी ही गाडी २००५ मध्ये काढली, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल. गिरीश वाघ ह्यांच्याकडे त्या प्रकल्पाची जबाबदारी होती. गाडी आखायच्या आधी त्यांच्या टीमनं तीनचाकी चालवणाऱ्यांना जाऊन विचारलं की तुम्हाला काय पाहिजे. त्यात एकानं सांगितलं म्हणतात की चारचाकी असली तर गावात लग्नाला मुलगी चांगली मिळेल. म्हणजे ज्या गाडीनं त्या माणसाला मान मिळणार होता, तीच गाडी पिकअपवाल्याच्या दारात आली की अपमान होतो? गाडी तीच आहे. बोलणारी तोंडं वेगळी आहेत.

कागदांचाही फायदा आहे, तो कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. १,७०० किलोवाली पिकअप त्याच्या वर जाते. तुमच्या आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं, बघून घ्या. फिटनेसच्या पासिंगला मात्र दोन्ही सारख्याच: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. तुमची सहा वर्षांची आहे, म्हणजे विकायची तर हीच वेळ. वर्षाला पासिंग करावी लागणारी गाडी घेणारा भाव पाडूनच मागतो.

आता जिथे मी भाऊजींशी सहमत आहे ते. त्यांच्या कामाला छोटा हत्ती चालणार नाही आणि मी त्यांना तो घ्या असं कधी म्हटलेलंही नाही. बागेतून संत्र्याचे कॅरेट काढायचे म्हणजे पांदण रस्ता, काळी माती, पाऊस पडून गेलेला. बारा इंची चाकं तिथे रुततात. हायवेवर रोज शंभर-दीडशे किलोमीटर पळवायचं असेल तरी मोठीच गाडी पाहिजे. लहान गाडीला समोर बोनेट नाही, धडक बसली तर पाय आधी जातात. इंजिन सीटखाली आहे, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ड्रायव्हरचे हाल होतात. आम्ही मे-जूनमध्ये दुपारची फेरी चारच्या पुढे ढकलतो, तुम्हालाही ढकलावी लागेल.

आणि लहान गाडीत मोठ्या गाडीचा माल भरू नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण इथे सगळे भरतात. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन घातला की पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, ब्रेक लागत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. अपघात झाला तर विम्यावाला पहिले वजन विचारतो.

इथे तुमच्या टाइल्सवर येतो. माझा किराणा जागा खातो, तुमचा माल वजन खातो. पोहे-मुरमुऱ्यांसाठी मी डाल्यावर अँगलची उंच जाळी बसवली आणि प्रश्न सुटला. टाइल्सला तो उपाय नाही. दोन बाय दोन फुटांच्या चार नगांचा बॉक्स अठ्ठावीस किलोच्या आसपास धरा. ७५० किलोत सव्वीस बॉक्स बसले, म्हणजे साधारण चारशे चौरस फूट. एका टू बीएचकेच्या फरशीला दोन खेपा. बेसा-मनीषनगरपर्यंतच्या डिलिव्हरीला दोन खेपा परवडतात, माझ्या मते एका मोठ्या खेपेपेक्षा बऱ्या पडतात, कारण साइटवर सगळा माल एकदम उतरवायला जागा नसते. पण हिंगण्याला, बुटीबोरीला नेहमी जात असाल तर नाही. मग मधली गाडी बघा. टाटांचीच इंट्रा व्ही-३० आहे, १,३०० किलो. अशोक लेलँडचा दोस्त आहे, सव्वा टनाच्या आसपास. बिलं काढल्यावर नऊशे-हजारच्या खेपा जास्त निघाल्या तर हीच घ्या, छोटा हत्ती नको. सॅनिटरीवेअरचं मात्र उलटं, त्याला वजन कमी आणि जागा जास्त लागते. तेव्हा दोन्हीची बिलं वेगळी काढा.

सीएनजीचं मी वापरून सांगत नाही, माझी डिझेल आहे. एवढं माहीत आहे की २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता, देशात सगळ्यात महाग, कारण पाइपलाइन नव्हती आणि गॅस टँकरनं आणावा लागायचा. आजचा भाव पंपावर विचारा. आणि टाकीचं वजन मालातून जातं हे धरा. मारुतीच्या सुपर कॅरीत पेट्रोलला ७४० किलो आहे, सीएनजीला ६२५. टाइल्सवाल्याला ते एकशे पंधरा किलो म्हणजे चार बॉक्स, प्रत्येक खेपेला.

जुनी गाडी विकताना लोन संपलं असेल तर आधी फॉर्म ३५ वरून बँकेचा बोजा उतरवून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सही करून एजंटाच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. नवीन मालकाच्या नावावर आरसी झाल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, गाडी मधे कितीही हातांत फिरलेली असो. चाव्या द्यायच्या दिवशी तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती घ्या, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स जोडा.