आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ

प्रश्न: सर, माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ सापडला. बाबा म्हणतात प्लग लावून बघू. लावू का?

उत्तर: ताई, थेट लावू नका हो! इतकी वर्षं बंद पडलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बहुतेक वाळलेले असतात, एकदम करंट दिला की ते फुटतात आणि ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आता सहज मिळत नाही. आधी ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे रेडिओची वीज त्या बल्बमधूनच जाईल (एलईडी चालत नाही), क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मेण लावलेले कागदी कपॅसिटर सगळेच बदला, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर घ्या. त्यातही आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ग्रिडला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकाला, जोडलेला सगळ्यात आधी, तो लीक झाला की व्हॉल्व्ह तापून जातो. आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतं, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं, त्यामुळे मीटरने तपासल्याशिवाय हात घालायचा नाही. व्हॉल्व्हचे नंबर 'यू'ने सुरू होत असतील, उदाहरणार्थ यूसीएच ४२, तर चासीतच (आतल्या धातूच्या सांगाड्यात) मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, करंट येऊ शकतो, असा सेट जाणकारालाच दाखवा.

कॅबिनेटला पॉलिश मात्र शेवटी करा.