मावशी, आमिरला दुसरा चान्स मिळाला, मग मला का नाही?

पत्र चार पानी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारा कळव्याचा, एका पेपरच्या ठाणे आवृत्तीत क्रीडा वार्ताहर होता. जिल्हा कबड्डीची मुलींची फायनल रात्री लांबली, पान छपाईला सोडायची वेळ झाली, हा मैदानावर गेलाच नव्हता. असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्कोअर आला त्यावरून बातमी केली आणि जिंकलेल्या टीमच्या चढाईपटूच्या तोंडी स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं, "बाबांनी हात धरून मॅटवर आणलं, हे यश त्यांचंच." आता या बाबांनी पोरीचं खेळणं बंद करायला घर डोक्यावर घेतलं होतं, ती मामाकडे राहून प्रॅक्टिसला जायची. कोच पेपर घेऊन ऑफिसात आला, चौकशी झाली, नोकरी गेली. आता तो ट्रॅव्हल एजन्सीत बुकिंग बघतो. घणसोलीच्या एका यूट्यूब चॅनलने त्याला टेनिस बॉल क्रिकेटच्या लाइव्ह मॅचेसची कॉमेंट्री आणि मुलाखती करायला बोलावलंय, त्यांना हे जुनं प्रकरण माहीत नाही. बायकोलाही नाही, तिला "कॉस्ट कटिंग झालं" असं सांगितलंय. विचारतोय, चॅनलला सांगू का, आणि खेळाडूंना माफ करता तर आम्हाला का नाही.

अरे बाबा, पाकिस्तानचा फास्ट बॉलर मोहम्मद आमिर, त्याच्यापासूनच सुरू करू, तूच त्याचं नाव काढलंयस. २०१० ला लॉर्ड्सवर पैसे घेऊन नो बॉल टाकले, पाच वर्षं बंदी बसली, इंग्लंडमध्ये तुरुंगात जाऊन आला, २०१६ ला परत खेळला आणि २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलला रोहित, विराट, धवन तिघांना काढून आपली वाट लावली, ते मला अजून पचलेलं नाही ही गोष्ट वेगळी. पण याच प्रकरणातले त्याच्या टीमचे सलमान बट आणि आसिफ कोर्टात शेवटपर्यंत नाही नाही म्हणत राहिले आणि आमिरने गुन्हा कबूल केला, हे तू सोयीस्करपणे विसरलास. आणि दुसरं म्हणजे तो परत आला तेव्हा त्याचा पाय रेषेच्या मागे पडतोय की पुढे हे प्रत्येक बॉलला सगळं जग बघत होतं. तुमच्या धंद्यात ती सोय नाही रे. वाचणाऱ्याने मॅच बघितलेली नसते म्हणून तर तो तुमचं वाचतो, त्याच्याकडे रिप्ले नसतो, तू सांगशील तेच झालं असं धरून तो चहा पितो.

तुझ्या केसच्या अगदी जवळची केस अमेरिकेत झालीय. मिच आल्बम, डेट्रॉइट फ्री प्रेसचा स्पोर्ट्स कॉलमनिस्ट, खूप मोठं नाव. एप्रिल २००५ मध्ये त्याने शुक्रवारीच कॉलम लिहून दिला कारण रविवारची पुरवणी आधी छापायला जाते, आणि त्यात लिहिलं की कॉलेज बास्केटबॉलच्या शनिवारच्या मॅचला मिशिगन स्टेटचे दोन जुने खेळाडू स्टँडमध्ये येऊन बसले होते, कॉलेजचे कपडे घालून वगैरे. मॅच व्हायचीच होती! त्या दोघांनी त्याला आम्ही जाणार आहोत असं सांगितलं होतं, पण ऐनवेळी ते गेलेच नाहीत. पेपरने त्याचं लिखाण थांबवलं, चौकशी केली, त्याच्यासोबत डेस्कवरच्या आणखी चार जणांवर कारवाई झाली, कारण शुक्रवारी कॉपी वाचणाऱ्या कोणालाच "अरे, शनिवार अजून उजाडायचाय" हे सुचलं नव्हतं. आणि मग? थोड्याच दिवसांत हा परत लिहायला लागला, २०१० ला तर तिकडच्या क्रीडा संपादकांच्या संघटनेने त्याला त्यांचा सगळ्यात मानाचा रेड स्मिथ पुरस्कार दिला, त्यावरून बऱ्याच पत्रकारांनी बोंबाबोंब केली ती केली, पण पुरस्कार मिळाला.

हे वाचून तुझा जळफळाट होणार हे मला माहितीय, आणि तो रास्तही आहे. ज्याच्या नावावर पेपर खपतो त्याला चान्स लगेच मिळतो, तुझ्यासारख्या जिल्ह्याच्या वार्ताहराला कोणी परत फोनसुद्धा करत नाही. तुझा चीफ सब, म्हणजे मुख्य उपसंपादकही त्या रात्री तुला विचारू शकला असता की बाबा तू आहेस कुठे, त्याचं काही झालं नाही. अन्याय आहेच. पण पत्राची पावणेतीन पानं तू यावरच खर्च केलीयस आणि त्या मुलीवर दीड ओळ, म्हणून मी या अन्यायाच्या विषयात फार रमणार नाही.

मला खटकलं ते वेगळंच. एकीकडे लिहितोस "फक्त त्या एकाच रात्री" आणि पुढच्याच पानावर "तेव्हा सगळेच करायचे, जिंकल्यावर पोरं काय वेगळं बोलतात". मग एकदाच की नेहमीच? खरं सांग, मला नको सांगूस, स्वतःला तरी सांग. स्टीफन ग्लास नावाचा एक पत्रकार होता, स्पोर्ट्सचा नाही, न्यू रिपब्लिक मासिकाचा, १९९८ ला त्याच्या ढीगभर बातम्या बनावट निघाल्या. नंतर तो लॉ शिकला, पास झाला, पण २०१४ ला, म्हणजे इतक्या वर्षांनी, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने त्याला वकिलीची परवानगी नाकारली. कारणं बरीच होती पण त्यातलं एक बघ, आधी न्यूयॉर्कला केलेल्या अर्जात त्याने लिहिलं होतं की कुठल्या कुठल्या बातम्या खोट्या होत्या ते शोधायला मी मासिकांना मदत केली, आणि प्रत्यक्षात त्याने ती सगळी यादी दिलीच नव्हती. म्हणजे बातम्यांपेक्षा नंतरची लपवाछपवी अंगाशी आली. तुझ्या जुन्या कात्रणांची फाइल असेल ना घरी? बस एकदा ती घेऊन आणि प्रत्येक कोटसमोर, म्हणजे कोणाच्या तोंडी दिलेल्या वाक्यासमोर, टिक कर, हा माणूस मला खरंच भेटला होता का, फोनवर तरी बोलला होता का.

आता ती मुलगी. तुमच्या पेपरने नंतर आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी छापली म्हणतोस, ठीक, पण ऑनलाइन ती बातमी अजून तशीच आहे, तूच लिंक पाठवलीयस, उघडून बघितली मी. तिच्या नावाने गूगल केलं की तेच वाक्य वर येणार. कबड्डीच्या पोरी पुढे पोलीस, रेल्वे, बँका इथे भरतीला जातात, कुठेतरी कोणीतरी कौतुकाने "वडिलांचा फार सपोर्ट दिसतो" म्हणणार आणि तिने काय करायचं, हसायचं? ज्या मामाने खरोखर तिला प्रॅक्टिसला सोडलं-आणलं त्याचं नावसुद्धा कुठे नाही. तर पहिलं काम हे. जुन्या संपादकाला मेल कर, ते वाक्य काढा आणि खाली दुरुस्ती लिहा म्हणून. भारतीय प्रेस कौन्सिलचे नियमही हेच सांगतात की चूक झाली तर दुरुस्ती लवकर आणि ठळकपणे द्या, त्यामुळे तू काही उपकार मागत नाहीयेस. ते झालं की कोचला कळव आणि तिला द्यायला एक छोटी चिठ्ठी दे. तिचा नंबर मागू नकोस, घरी जाऊ नकोस, आणि चिठ्ठीत "माझी नोकरी गेली, हाल झाले" यातलं एक अक्षर नको, ते तिचं ओझं नाही. उत्तर येणार नाही असं धरूनच चाल.

चॅनलला सांगायचंच, त्यात वाद नाही, आणि हो म्हणायच्या आधी सांगायचं, पहिला पगार झाल्यावर नाही. टेनिस क्रिकेट आता काही गल्लीतला टाइमपास राहिलेला नाही, २०२४ ला आयएसपीएलचा, म्हणजे टेनिस बॉलच्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला सीझन आपल्या ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमला झाला, मैदानावर येणाऱ्या वार्ताहरांत तुझ्या जुन्या ओळखीचे निघणारच, त्यातला एखादा चहाच्या टपरीवर तुझ्या मालकाला सांगणार. त्यापेक्षा तू सांग. लांबण लावू नकोस, "मी खेळाडूने न बोललेला कोट छापला, नोकरी गेली, बातमी ही, दुरुस्ती ही" एवढंच. आणि स्वतःहून म्हण की पहिले काही महिने मुलाखती नकोत, लाइव्ह कॉमेंट्री आणि स्कोअरिंग द्या. २०१६ च्या जानेवारीत आपल्या कल्याणला प्रणव धनावडेने शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९ केले, ऐकून कोणाचा विश्वास बसेना, पण स्कोअरची वही होती, बॉलन् बॉल लिहिलेला होता, संपला विषय. तुला सध्या अशाच कामाची गरज आहे, जिथे तू सांगतोस ते बाकीचे त्याच क्षणी बघतायत. नंतर मुलाखती दिल्याच तर कॅमेऱ्यावरच घे, रेकॉर्डिंग जपून ठेव.

नाही म्हणाले तर? म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. बुकिंगचं काम तोवर सोडू नकोस, ईएमआय माफी-बिफी बघत नाही. नवी मुंबईत दर सीझनला गावागावांत टुर्नामेंट होतात, स्कोअरर लागतोच, दिवसाचे पैसे मिळतात, तिथून सुरू कर.

राहिली बायको. तू हा प्रश्न शेवटी तळटीप टाकल्यासारखा विचारलायस, "तिला आता सांगून काय उपयोग". अरे, चॅनलच्या मालकाला कळणार, कोचला कळणार, मला कळलं, आणि घरात जी तुझ्याबरोबर काटकसर करतेय तिला नाही? चिडेल, एक-दोन दिवस बोलणार नाही, "तेव्हाच का नाही सांगितलंस" हे तर नक्की म्हणेल आणि त्यावर तुझ्याकडे उत्तर नाहीये, तर बनवू नकोस. चॅनलच्या मीटिंगच्या आधी तिला सांग, पोरं झोपल्यावर, आणि ती दिलगिरीची दोन ओळींची कात्रणं तिच्या हातात दे म्हणजे अर्धवट सांगायचा मोह होणार नाही.