एनपीसीसी पूर्ण झाल्यानंतर अतिदक्षता विभागात आणखी कोणते शिक्षण घ्यावे?

तुमचा प्रश्न असा आहे : क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे एनपीसीसीचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून तुम्ही पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रुजू झाला आहात, ज्ञान अद्ययावत ठेवण्यासाठी यापुढे कोणते कोर्स करावेत, ते ऑनलाइन केले तर चालतील का, आणि त्यासाठी रुग्णालय रजा देते का. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की, आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणतात, "एवढे शिक्षण झाले, आता आणखी कशाला?" मी हे उत्तर त्या एका वाक्यामुळे लिहीत आहे. हेच वाक्य २०११ साली, याच शहरात, मला उभे करून ऐकवण्यात आले होते आणि मी ते विसरलेले नाही.

मी २००४ पासून अतिदक्षता विभागात काम करते आणि आता तिथेच क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. २०११ मध्ये मी शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. त्या वर्षी पावसाळ्यात पुण्यात व्हेंटिलेटरवर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. माझ्या दोन साप्ताहिक सुट्ट्या जोडून आणि फी स्वतःच्या पगारातून भरून मी ती केली. एका भूलतज्ज्ञ मॅडमनी त्यात अर्धा दिवस केवळ एकाच गोष्टीवर घालवला. व्हेंटिलेटर एका श्वासात किती हवा देतो, म्हणजे टायडल व्हॉल्यूम, ती रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावर ठरवायची नसते. ती उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरवायची असते, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुफ्फुस मोठे होत नाही. स्त्रियांसाठी सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करायचे, उरेल त्याला ०.९१ ने गुणायचे आणि त्यात ४५.५ मिळवायचे, पुरुषांसाठी ४५.५ च्या जागी ५० घ्यायचे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अमेरिकन अभ्यासावर हे उभे आहे, त्यात एआरडीएसचे, म्हणजे फुफ्फुसांना अचानक गंभीर सूज येऊन श्वास निकामी झालेले, ८६१ रुग्ण होते. किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्के होते आणि ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ते ३१ टक्के होते. कोणत्याही नव्या औषधाशिवाय, केवळ एक आकडा कमी केल्याने पडलेला हा फरक होता. तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मी बारावीत होते आणि नोकरीची सात वर्षे झाल्यावर मी तो पहिल्यांदा ऐकत होते, याची मला त्या सभागृहात बसून अक्षरशः लाज वाटली.

त्यानंतर चौथ्या दिवशी माझी नाइट होती. माझ्याकडे न्यूमोनियाच्या एक बाई होत्या; वय अठ्ठावन्न, वजन ७४ किलो, एक्स-रेवर दोन्ही फुफ्फुसे पांढरी झालेली, व्हेंटिलेटरवर तिसरा दिवस. टायडल व्हॉल्यूम ४५० लावलेला होता. फाइलमध्ये उंचीचा रकाना कोरा होता. माझ्या पर्समध्ये शिवणकामाची टेप होती, ती मी काढली आणि एका मावशींच्या मदतीने बाईंना सरळ झोपवून टाचेपासून डोक्यापर्यंत मोजले. उंची भरली १४८ सेंटिमीटर. हिशेब केला तेव्हा वजन आले साडेएकेचाळीस किलो. म्हणजे सहाच्या हिशेबाने त्यांना सुमारे २५० मिलिलिटर मिळायला हवे होते आणि प्रत्यक्षात किलोमागे जवळजवळ ११ मिळत होते. श्वास आत रोखून मोजलेला प्लॅटू दाब ३६ होता; तो ३० च्या आत ठेवावा, असे मी चार दिवसांपूर्वीच वहीत लिहून घेतले होते.

रात्री दोन वाजता मी रेसिडेंट डॉक्टरांना उठवले. ते चिडले नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवते. ते म्हणाले, "सिस्टर, सहाच्याच हिशेबाने लावलंय. चौऱ्याहत्तर सक चारशे चव्वेचाळीस." या उत्तरात सगळा प्रश्न आहे. त्यांना सहा हा आकडा ठाऊक होता. तो कोणत्या वजनाला लावायचा हे ठाऊक नव्हते, कारण त्यांनीही तो राउंडमध्ये ऐकून उचललेला होता. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "सकाळी सरांना विचारू या." मी सेटिंगला हात लावला नाही, तो माझा अधिकार नव्हता आणि आजही नाही. सकाळी राउंडला सरांनी कागद वाचला, टेप मागून घेतली, बाईंना स्वतः पुन्हा मोजले आणि व्हॉल्यूम टप्प्याटप्प्याने २५० वर आणून श्वासाची गती १६ वरून २८ केली. रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला, तो त्यांनी चालू दिला. दुपारपर्यंत प्लॅटू २६ वर आला होता. अकराव्या दिवशी त्या बाईंची ट्यूब निघाली. त्या माझ्यामुळे वाचल्या, असे मी म्हणणार नाही. अँटिबायोटिक बरोबर होते आणि त्यांची किडनी शाबूत होती. पण आठ दिवस त्यांचे फुफ्फुस कमी ताणले गेले, एवढे मात्र निश्चित.

त्याच आठवड्यात मला इन्चार्ज सिस्टरांनी बोलावले. घरची टेप आणून रुग्ण मोजायला कोणी सांगितले, व्हेंटिलेटरचे आकडे तपासणे हे सिस्टरचे काम कधीपासून झाले, आणि रेसिडेंटला रात्री उठवण्याआधी सुपरवायझरला का कळवले नाही, याचा लेखी खुलासा माझ्याकडून घेण्यात आला. शेवटी त्या म्हणाल्या, "एवढं शिक्षण झालंय ना, आता आणखी कशाला? ऑर्डर शेवटी डॉक्टरच लिहिणार." पुढच्या तीन वर्षांत मी तीन कार्यशाळांसाठी रजा मागितली आणि तिन्ही वेळा ती तोंडी नाकारली गेली. एकदा कारण दिले की, शिकलेल्या सिस्टर टिकत नाहीत, सोडून जातात. मी त्या रुग्णालयातून गेले ते याच कारणाने, आणि माझ्यासोबतच्या आणखी दोघी याच कारणाने गेल्या. ज्या दाराला कुलूप लावून माणसे थांबतील असे त्यांना वाटत होते, त्याच दारातून आम्ही बाहेर पडलो.

म्हणून तुमच्या इन्चार्ज सिस्टरांना माझे उत्तर असे आहे : ऑर्डर डॉक्टर लिहितात हे खरेच आहे, पण ती ऑर्डर बारा तास चालू ठेवते नर्स. चूक झाली असेल तर ती पहिल्यांदा दिसण्याची जागा म्हणजे नर्सचे डोळे. त्या डोळ्यांना काय पाहायचे हे शिकवले नसेल, तर मॉनिटर कितीही महाग असला तरी उपयोग नाही. मी आज जिथे शिकवते तिथे प्रत्येक खाटेच्या डोक्याशी टेप टांगलेली आहे आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला की पहिल्या तासात उंची मोजून चार्टवर लिहिली जाते. त्या रात्रीचे रेसिडेंट आता स्वतः इन्टेन्सिव्हिस्ट आहेत. मध्यंतरी एका बैठकीत भेटले, तेव्हा म्हणाले की त्यांच्या विभागात ते पहिला प्रश्न उंचीचाच विचारतात.

आता तुम्ही जे विचारले त्याकडे येते. इंडियन नर्सिंग कौन्सिलने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण ठरवले आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. वर्षाला ३० तास, म्हणजे आठ तासांच्या चार ड्युट्यांपेक्षाही कमी. हे तास भरणे अवघड नाही आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. सभागृहात बसून, सही करून, जेवण करून मिळालेले तासही नोंदवहीत तितकेच भरतात, पण दुसऱ्या दिवशी हात तसेच चालतात जसे आदल्या दिवशी चालत होते. माझे मत स्पष्ट आहे : ज्या प्रशिक्षणानंतर तुमच्या पुढच्या ड्युटीत एकही कृती बदलली नाही, ते केवळ नूतनीकरणापुरते होते.

एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावरचे प्रगत जीवनरक्षक उपचार शिकवणारा कोर्स, तुम्ही केलाच असेल. त्याचे कार्ड दोन वर्षे चालते, पण छातीवर दाब देण्याचे कौशल्य काही महिन्यांतच मंदावते. तेव्हा दोन वर्षांची वाट न पाहता आपल्याच विभागात पुतळ्यावर दर तिमाहीला दहा मिनिटे सराव करावा. सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचा गंभीर रुग्णाच्या पायाभूत उपचारांचा दोन दिवसांचा एफसीसीएस कोर्स मी चांगला मानते, कारण त्यात डॉक्टर आणि नर्स एकाच टेबलावर बसून एकाच रुग्णाचा विचार करतात. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, पण एनपीसीसी झालेल्या माणसाने तो पुन्हा करण्याची गरज मला दिसत नाही. तुमच्या हाताखालच्या जीएनएम आणि बीएस्सी झालेल्या मुलामुलींना मात्र तो जरूर सुचवा.

ऑनलाइनचे म्हणाल, तर एबीजी (धमनीच्या रक्तातील वायूंची तपासणी), ईसीजी आणि औषधशास्त्र ऑनलाइन उत्तम शिकता येते. पालथे झोपवणे, ट्यूब सांभाळून रुग्ण वळवणे, अचानक दाबाचा अलार्म वाजल्यावर व्हेंटिलेटर काढून अँबूने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देणे, हे ऑनलाइन शिकता येत नाही. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी पालथे झोपवणे शिकलो ते असेच, पीपीई घालून, पाच जण मिळून, एकाने डोक्याशी उभे राहून मोजत. सलग सोळा तास पालथे ठेवल्याने गंभीर एआरडीएसमध्ये मृत्यू कमी होतात, हे २०१३ सालच्या फ्रेंच अभ्यासातून कळले होते. पुण्यात ते रुग्णालयारुग्णालयांतल्या सिस्टरांच्या हातात उतरायला साथ यावी लागली, ही गोष्ट मला आजही बोचते.

औषधशास्त्रावर विशेष भर द्या, कारण आपल्याकडे ते सर्वांत दुर्लक्षित आहे. अमेरिकेत एएनसीसी या नर्सना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ७५ तास लागतात आणि त्यांतले २५ तास औषधशास्त्राचेच असावे लागतात. आपल्याकडे रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन "किती एमएलवर चाललंय" असेच पुढच्या पाळीला सांगून हँडओव्हर होते. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम असेल तर ६० किलोच्या रुग्णाला ताशी साडेचार मिलिलिटर म्हणजे किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. रात्री कोणी सिरिंज ८ मिलिग्रॅमची भरली तर त्याच साडेचार मिलिलिटरमध्ये डोस दुप्पट झालेला असतो आणि हँडओव्हर तसाच राहतो. शिकलेले जुने होते हेही ध्यानात ठेवा. सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) ओळखण्यासाठी क्यूसोफा हा छोटा गुणांचा तक्ता २०१६ मध्ये आला आणि आम्ही तो भिंतीवर लावला. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले की चाळणीसाठी एकट्या क्यूसोफावर विसंबू नये. आमच्या भिंतीवरून तो कागद काढायला आणखी वर्ष गेले. इन्चार्ज सिस्टरांना "आता आणखी कशाला" याचे उत्तर हवे असेल, तर हा कागद दाखवा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. सहाचा नियम एआरडीएसचा आहे आणि प्रत्येक रुग्णात व्हॉल्यूम किती ठेवायचा हे उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही मोजा, लिहा, कळवा. एनपीसीसी म्हणून कोणत्या प्रक्रिया तुम्ही स्वतः करू शकता हे रुग्णालयाच्या लेखी प्रोटोकॉलमध्ये असल्याशिवाय करू नका, मग तुमचा हात कितीही बसलेला असो. आणि या शिक्षणाने माझा पगार वाढलेला नाही, त्यामुळे त्या अपेक्षेने कोर्स निवडू नका. सगळ्या इन्चार्ज सिस्टर तशा असतात असेही नाही; माझ्या सध्याच्या इन्चार्ज सिस्टर स्वतः माझे नाव कार्यशाळेला देतात.

रजेबद्दल मात्र माझा एकच आग्रह आहे. महिन्याचे ड्युटीचे वेळापत्रक लागण्याआधी अर्ज करा, कार्यशाळेचे पत्रक जोडा, परत आल्यावर विभागात अर्धा तास शिकवीन असे त्यात लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नकार मिळाला तर तोही अर्जावरच, कारणासह लिहून मागा. माझे तिन्ही अर्ज तोंडी नाकारले गेले, त्यामुळे मी मागितले होते हे दाखवणारा एकही कागद माझ्याकडे नाही; माझ्या सेवापुस्तिकेत त्या तीन वर्षांचा फक्त तो टेपचा खुलासा लावलेला आहे.