आई मुलाच्या फ्लॅटमध्ये भाडं देऊन राहते. मुलगा तिला घर खाली करायला लावू शकतो का?

मुलगी म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचा गोषवारा असा: पुण्यातला फ्लॅट भावाच्या नावावर आहे. पूर्वी भाऊ आणि आई तिथे एकत्र राहायचे. चार वर्षांपूर्वी भाऊ दुसरीकडे राहायला गेला आणि तेव्हापासून ६८ वर्षांची आई त्याला दरमहा ८,००० रुपये देते. लेखी करार नाही. आता भावाला फ्लॅट विकायचा आहे. तो म्हणतो, दोन महिन्यांत घर खाली कर, आणि तोपर्यंत ‘फॉर्मॅलिटी म्हणून’ ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी देणारा करार, त्यात भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत) सही कर.

बाकी सगळं नंतर. आधी आईला सांगा, त्या कागदावर सही करू नका. आज करार नाही ही तिची कमजोरी वाटत असेल, पण महाराष्ट्रात हीच गोष्ट बऱ्याच अंशी तिच्या बाजूची आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार घर भाड्याने दिलं असो की लायसन्सवर, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या कामाची ओळ त्याच कलमात पुढे आहे: असा करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे ‘मी दरमहा ८,००० भाड्यावर, मुदत न ठरवता राहते’ असं आई म्हणाली, तर ते खोडून काढण्याचं ओझं भावावर येतं.

लायसन्सवर सही झाली की चित्र उलटतं. कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा ठरतो. ‘प्रत्यक्षात आमचं वेगळं ठरलं होतं’ हे नंतर ऐकलं जात नाही. मुदत संपली की भाऊ थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (घराचा ताबा मिळवून देण्यासाठी भाडे कायद्याखाली नेमलेला अधिकारी) जाऊ शकतो. तिथे संक्षिप्त पद्धतीने काम चालतं आणि बाजू मांडण्यासाठीसुद्धा आईला आधी प्रतिज्ञापत्र करून परवानगी मागावी लागते. शिवाय मुदतीनंतर राहिलेल्या प्रत्येक महिन्याला शुल्काच्या दुप्पट भरपाई. त्यात भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चं कलम ५९ आहेच: मालकाने मिळकत विकली तर नवा मालक जुन्या लायसन्सने बांधला जात नाही. विक्रीच्या तोंडावर हा कागद पुढे येतो तो बहुधा याचसाठी.

आता आईच्या बाजूची खरी अडचण. नातलग नातलगाच्या घरात राहतो तेव्हा कोर्ट सहसा असं धरून चालतं की तो आपुलकीने, परवानगीने राहतोय, भाडेकरू म्हणून नव्हे. त्यामुळे कलम ५५ चा फायदा मिळण्याआधी दोन गोष्टी दिसाव्या लागतात. एक, दिलेले पैसे भाडंच होते. दोन, घराचा ताबा एकट्या आईकडे होता. भाऊ म्हणेल, ८,००० हा सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर्जाच्या हप्त्याला आईने लावलेला हातभार होता. म्हणून सोसायटीचं बिल किती येतं आणि ते कोण भरतं हे आधी पाहा. बिल आई वेगळं भरत असेल आणि ८,००० त्यावर वेगळे जात असतील तर भावाचा हा मुद्दा बराच पातळ होतो. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला तीच रक्कम गेली असेल तर बँकेचं स्टेटमेंट बोलकं असतं. रोख दिले असतील तर व्हॉट्सॲपवरचे ‘या महिन्याचं भाडं मिळालं’ छापाचे मेसेज शोधा. ते मूळ फोनमध्येच राहू द्या, नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मागच्या तारखांच्या भाडेपावत्या मात्र चुकूनही तयार करू नका. एक बनावट पावती चार वर्षांचा खरा पुरावा बुडवते.

भावाचं आयकर विवरणपत्रही महत्त्वाचं आहे. त्याने भाड्याचं उत्पन्न दाखवलं असेल तर याहून मोठा पुरावा नाही. दाखवलं नसेल तर आईचा हक्क त्यामुळे जात नाही, फक्त भाऊ भाडं कबूल करायला आणखी कचरेल. तसंच सोसायटीत चौकशी करा. सभासदाचे आईवडील राहत असतील तर बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते जादा शुल्क) लागत नाही, म्हणून ‘घरचेच राहतात’ असं भावाने लिहून दिलेलं असू शकतं, आणि तेच पत्र तो उद्या ‘भाडेकरू नव्हतीच’ म्हणून पुढे करेल.

भाडेकरू असणं सिद्ध झालं तर भाडं वेळेवर देणाऱ्या आईला नुसत्या ‘दोन महिन्यांत निघ’ने काढता येत नाही. भावाला पुण्याच्या लघुवाद न्यायालयात (भाड्याचे वाद चालतात ते कोर्ट) दावा लावावा लागेल आणि कलम १६ मधलं कारण दाखवावं लागेल. ‘मला विकायचं आहे’ हे त्या कारणांत बसत नाही. ‘मला स्वतःला राहायला हवं’ हे बसतं, पण तिथेही कोणाला जास्त हाल सोसावे लागतील याची तुलना कोर्ट करतं. राहायला दुसरं घर असलेला मुलगा आणि नसलेली ६८ वर्षांची आई यांत पारडं कुठे झुकेल हे सांगायला नको. फ्लॅट विकला गेला तरी भाडेकरूचा हक्क कायम राहतो आणि नवा मालकही त्याने बांधला जातो.

म्हणून दोन चुका टाळा. पहिली, रागाने भाडं थांबवणं. भाऊ खातं देत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेल्या पोचा जपा. थकबाकीची नोटीस आलीच तर ९० दिवसांच्या आत सगळी रक्कम भरा. नोटिशीनंतर ९० दिवस झाल्याशिवाय थकबाकीचा दावा लावता येत नाही. पावती देणं कलम ३१ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे, ती लेखी मागा.

दुसरी चूक तुमच्याकडून, मायेपोटी होण्याचा संभव आहे: ‘वातावरण निवळेपर्यंत माझ्याकडे ये.’ आठ-दहा दिवस ठीक. घर बंद करून आई महिनोन्‌महिने तुमच्याकडे राहिली तर कुलूप बदललं जाऊ शकतं. शिवाय सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने घर वापरात नसणं हे कलम १६ मध्ये काढून टाकण्याचं स्वतंत्र कारण आहे. तुम्हीच तिच्याकडे जाऊन राहा. दवाखान्यामुळे बाहेर राहावंच लागलं तर कागद जपा, सामान घरात ठेवा, वीजबिल तिच्याच खात्यातून भरत राहा.

कुलूप बदललंच तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६ आहे. कायद्याचा मार्ग सोडून ताबा काढला तर सहा महिन्यांत दावा लावून तो परत मागता येतो आणि तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच घेतला जात नाही. सहा महिने म्हणजे सहाच. घरातले वडीलधारे समजूत घालत बसले आणि मुदत गेली, असं होऊ देऊ नका. वीज-पाणी तोडलं तर भाडे कायद्याच्या कलम २९ खाली अर्ज करता येतो.

आतापर्यंत आईकडे भाडेकरू म्हणून पाहिलं. आई म्हणून तिचे हक्क वेगळे आहेत, आणि ती भाडेकरू ठरली नाही तरी ते शिल्लक राहतात. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम २००५ फक्त सुनांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. रक्ताच्या नात्याने एका घरात राहिलेली आईसुद्धा त्यात येते. भाऊ आणि आई त्या फ्लॅटमध्ये एकत्र राहिले होते, त्यामुळे ते सामायिक घर असल्याचं म्हणता येतं. छळ किंवा घराबाहेर काढण्याची धमकी असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ चा अर्ज करून कलम १९ खाली निवासाचा आदेश मागता येतो.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ बद्दल मात्र अवाजवी आशा बाळगू नका. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. ‘निर्वाह’ या शब्दात निवासही येतो. पण मुलाच्या मालकीच्या अमुक एका घरातच आईला राहू द्यावं असा सरसकट हक्क त्यात लिहिलेला नाही. न्यायाधिकरण त्याऐवजी दरमहा रक्कम ठरवू शकतं आणि कायद्यातली कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. आईला स्वतःच्या उत्पन्नातून भागवता येत नाही हेही दाखवावं लागतं, त्यामुळे बरी पेन्शन असेल तर अर्ज अडतो. आणि हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं: निर्वाहाची जबाबदारी मुलीवरही आहे. भाऊ तुम्हालाही त्यात पक्षकार करून घेऊ शकतो. तयारी ठेवूनच अर्ज करा.

हा फ्लॅट मुळात आईने किंवा वडिलांनी भावाला बक्षीसपत्राने दिला होता का? प्रश्नात तसं नाही, पण असेल तर सगळ्यात आधी तो दस्त काढा. दस्त २००७ चा कायदा लागू झाल्यानंतरचा, ज्येष्ठ नागरिकाने केलेला आणि सांभाळण्याच्या अटीवर असेल तर कलम २३ खाली तो रद्द करून मागता येतो. खरेदीत आईचे पैसे गेले असतील तर त्या चेकच्या, बँकेच्या नोंदी काढून ठेवा.

वेगवेगळ्या ठिकाणी अर्ज करताना गोष्ट एकच सांगा. लघुवाद न्यायालयात ‘मी भाडेकरू’ आणि दंडाधिकाऱ्यांकडे ‘भाडं नव्हतं, मी घरखर्चाला पैसे देत होते’ असं लिहिलं गेलं की दोन्ही प्रकरणं पडतात. वकील दोन असतील तर हे हमखास होतं. खरं काय होतं ते आईकडून तारखांसह एका कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद दोघांना द्या.

भाऊ बोलायला तयार असेल तर त्याच्याकडे ११ महिन्यांचं लायसन्स नव्हे, नोंदणीकृत भाडेपट्टा किंवा आईच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क देणारा नोंदणीकृत दस्त मागा. तो नाहीच म्हणाला आणि आईलाही लायसन्स चालणार असेल, तर निदान कमाल ६० महिन्यांचं करा आणि त्या काळात मालकाला ते मध्येच मोडता येणार नाही अशी अट घाला. खर्च मोठा नाही: मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. उदाहरणार्थ, ८,००० भाडं, ३६ महिने आणि ५०,००० अनामत धरली तर ३,०३,००० वर साधारण ७५८ रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. विक्रीचा धोका मात्र लायसन्समध्ये कायम राहतो, हे विसरू नका.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आईचं आधार कार्ड आणि ती तारखांची नोंद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. आणि कागद जमवायला सुरुवात भावाच्या नोटिशीची वाट न पाहता करा. पुढच्या दोन महिन्यांत बँकेची चार वर्षांची स्टेटमेंटं मिळवणंच सगळ्यात जास्त वेळ खाईल.